उभ्या गर्दीच्या पलीकडे

लंडनविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. टेम्स नदीवरील पूल, राजवाड्यासमोरील पहाऱ्याची बदली, ब्रिटिश म्युझियमची दालने यांची वर्णने आपण शाळकरी वयापासून वाचत आलो आहोत. त्यांत भर घालण्याचा माझा विचार नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी लंडन पाहिले, ते माझ्या थोरल्या बंधूंच्या चाकांच्या खुर्चीमागे चालत. असे चालू लागले म्हणजे शहराची ओळख निराळ्या रीतीने होते. मनोरे आणि घुमट मागे पडतात. उंबरठे, पदपथांच्या कडा आणि पायऱ्या तेवढ्या डोळ्यांत भरतात. जे शहर आपल्याला सपाट वाटत होते ते किती खाचखळग्यांचे आहे, हे तेव्हा उमगते.

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरात स्थायिक झालेले आहे. घरात मराठी, दारात हिंदी आणि रेडिओवर क्रिकेट, अशा वातावरणात आम्ही भावंडे वाढलो. दादांना चौथ्या वर्षी पोलिओ झाला आणि त्यांचे दोन्ही पाय गेले. वडील त्यांना खांद्यावर बसवून मैदानावर सामने पाहायला नेत. त्या खांद्यावरून दादांना साऱ्या प्रेक्षकांपेक्षा अधिक चांगले दिसे, असे वडील अभिमानाने सांगत. पुढे दादा वयाने व वजनाने वाढले, वडील थकले आणि मैदान सुटले. मग दादांनी रेडिओजवळ वही घेऊन बसण्याची सवय लावून घेतली. प्रत्येक चेंडूची नोंद असलेल्या त्यांच्या वह्या आजही घरच्या कपाटात रचून ठेवलेल्या आहेत. अडतीस वर्षे गणित शिकवून ते निवृत्त झाले; परंतु अंकांवरचे त्यांचे प्रेम निवृत्त झालेले नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एकदा हट्टाने त्यांना आमच्या शहरातील मैदानावर नेले होते. तिकिटे रीतसर काढली होती. दारावरचे लोक सभ्य होते. कोणी एक उणा शब्द बोलले नाही. “काळजी करू नका, चार पोरं बोलावतो, खुर्चीसकट उचलून वर नेतील,” असे त्यांनी आम्हांला सांगितले आणि तसे केलेही. बावीस पायऱ्या दादा चार अनोळखी मुलांच्या हातांवर तरंगत वर गेले. वर त्यांच्या खुर्चीला जागाच नव्हती. प्रथम ती वाटेत ठेवली. वाट अडते म्हणून ती मागे घेतली. मग आणखी मागे, कठड्याच्या आडोशाला. चौकार गेला की पुढची सारी माणसे उठून उभी राहत, आणि दादांच्या डोळ्यांसमोर पाठींची एक भिंत उभी राही. परतताना ते एवढेच म्हणाले, “आज मी सामना ऐकला. तो घरीही ऐकला असता, आणि कोणाला मला उचलावे लागले नसते.” त्यानंतर त्यांनी मैदानाचे नाव काढले नाही.

म्हणूनच माझ्या मुलीने लंडनहून, वेंब्लीच्या क्रीडागारातील एका फुटबॉल सामन्याची तिकिटे काढल्याचे कळविले, तेव्हा दादांचा पहिला प्रश्न होता, “पायऱ्या किती?”

“एकही नाही, दादाकाका,” ती म्हणाली.

“सगळे असेच सांगतात,” दादा म्हणाले. तरी ते निघाले. सामानात त्यांनी आपली जुनी पोलादी मोजपट्टी टाकली, ती मी पाहिली.

सामन्याला चार दिवस अवकाश होता. तेवढ्यात दादांच्या इच्छेवरून आम्ही एल्सबरी या गावी जाऊन आलो. लंडनच्या मेरिलबोन स्थानकावरून तेथे आगगाडी जाते आणि प्रवास तासाभराचा आहे. गाडी सुटते न सुटते तोच बोगद्यात शिरली. दादांनी घड्याळ पाहिले आणि हसून म्हणाले, “आता आपल्या डोक्यावर लॉर्ड्स आहे.” ते खरे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा लोहमार्ग घातला गेला, तेव्हा तो लॉर्ड्सच्या नर्सरी मैदानाखालून नेण्यात आला. ज्या मैदानाचे धावते वर्णन दादांनी आयुष्यभर ऐकले, त्याच्या पोटातून आम्ही गेलो. पुढे काही मिनिटांनी खिडकीतून वेंब्लीच्या क्रीडागाराची शुभ्र कमान दिसली. ती १३३ मीटर उंच आहे. घरांच्या कौलांवर इंद्रधनुष्य ओणवे राहावे तशी ती दिसते. एल्सबरीला गाडी थांबली तेव्हा रेल्वेचा एक सेवक हातात घडीचा रॅम्प घेऊन दाराशी उभा होता. मेरिलबोनहून त्याला तसे कळविण्यात आले होते. दादा आपल्या हातांनी चाके फिरवीत फलाटावर उतरले.

एल्सबरीलगत स्टोक मॅन्डेव्हिल हे खेडे आहे. त्याचे नाव जगभर गेले ते एका रुग्णालयामुळे आणि एका डॉक्टरमुळे. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली त्यांना कुटुंबासह इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४४ च्या फेब्रुवारीत, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी येथे एक केंद्र उघडण्यात आले व ते गुटमन यांच्या स्वाधीन झाले. त्या काळी अशा रुग्णांची कोणी आशा धरीत नसे. अंथरुणात पडून पाठीला जखमा होत, मूत्रमार्गात विषार भिने, आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावत. गुटमन यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा शिरस्ता घातला. जखमा थांबल्या, रुग्ण जगू लागले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला : जगायचे ते कशासाठी? त्याचे उत्तर त्यांनी खेळात शोधले. खुर्चीत बसून चेंडूफळीसारखे खेळ सुरू झाले, नंतर धनुर्विद्या आली. धनुष्य ओढायला खांदे आणि नजर लागते. पायांवाचून तेथे काही अडत नाही.

२९ जुलै १९४८ रोजी वेंब्लीच्या जुन्या क्रीडागारात लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी, तेथून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांनी खुर्च्यांत बसून बाण मारले. पॅरालिंपिकचा उगम तो हाच. त्याच ऑलिंपिकमध्ये वेंब्लीवर आपल्या हॉकी संघाने ब्रिटनचा ४–० असा पराभव केला आणि स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले, हे वाचकांना आठवत असेल. एकाच उन्हाळ्यातील या दोन गोष्टी; पैकी एक आपण पाठ केली आणि दुसरी आपल्या कानांवरही आली नाही.

स्टोक मॅन्डेव्हिलला गुटमन यांचा पुतळा आहे व तेथील क्रीडागारात आता या इतिहासाचे छोटेखानी संग्रहालय आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकची ज्योत याच जागी चेतविण्यात आली. मांडलेल्या वस्तूंपेक्षा मला तेथील हकिकतींनी अधिक धरून ठेवले. १९६० साली रोमला २३ देशांतील सुमारे ४०० खेळाडू जमले. पण त्यांच्या निवासाच्या इमारती खांबांवर उभारलेल्या, आणि सैनिकांना त्यांना उचलून जिन्यांवरून वर-खाली न्यावे लागले. १९७२ साली ऑलिंपिक म्यूनिचला झाले, परंतु तेथील क्रीडाग्रामाची घरे विक्रीसाठी तयार करायची असल्यामुळे पॅरालिंपिक हायडेलबर्गला न्यावे लागले. त्या हायडेलबर्गमध्येच सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या होत्या. भारतीय खेळाडूने मिळविलेले ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण होय. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली.

दादा पुतळ्याजवळ बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “खेळणाऱ्यांसाठी या माणसाने वाट काढली. पण सगळेच काही पदक मिळवीत नाहीत रे. माझ्यासारख्याला नुसते बघायचे असते. शेंगदाणे खात, ओरडत, शेजाऱ्याशी भांडत बघायचे असते. त्याची सोय कोण करतो?”

या प्रश्नाचे उत्तर घेण्यासाठीच जणू आम्ही शनिवारी वेंब्लीला गेलो.

लंडनच्या भुयारी रेल्वेची २७२ स्थानके आहेत. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच पायरीवाचून ये-जा करता येते. लॉर्ड्सजवळचे सेंट जॉन्स वुड स्थानक त्यांत नाही. मुलीने लिफ्ट असलेली स्थानके नकाशावर आधीच खुणावून ठेवली होती. त्यामुळे सरळ वाटेला आम्हांला एक वळसा पडला; परंतु वेंब्ली पार्क स्थानकाच्या लिफ्टने आम्ही विनासायास खाली आलो. तेथून क्रीडागारापर्यंत ‘ऑलिंपिक वे’ नावाचा रुंद रस्ता आहे. सामन्याच्या दिवशी त्यावर माणसांचा पूर वाहतो. दोन्ही क्लबांचे लोक आपापल्या रंगांचे गळपट्टे घालून गात निघाले होते. आजचा सामना निर्णायक होता : जिंकणारा क्लब वरच्या वर्गात चढणार होता, हरणारा आणखी एक वर्ष खालीच राहणार होता. लहान गावांतून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी कुटुंबे लोटली होती. आपल्याकडच्या जत्रेची आठवण व्हावी असा तो देखावा होता, आणि दादांची खुर्ची त्या गर्दीत गर्दीच्याच वेगाने चालली होती.

या रस्त्याच्या टोकाला पूर्वी वर चढत जाणारा एक मोठा रॅम्प होता. तो पाडून २०२१ साली तेथे भव्य पायऱ्या बांधण्यात आल्या. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी लिफ्ट बसविल्या. दादांनी पायऱ्यांकडे पाहून मान हलविली. “शोभा वाढली असेल. पण रॅम्प कधी नादुरुस्त होत नाही, लिफ्ट होते.” त्या दिवशी लिफ्ट चालू होती. तिच्यासमोर रांग मात्र होती.

आजचे वेंब्ली क्रीडागार २००७ साली उघडले. त्यात ९०,००० प्रेक्षक बसतात. चाकांच्या खुर्च्यांसाठी ३१० जागा आहेत व प्रत्येकीला लागून सोबत्यासाठी एक आसन आहे. ३१० हा आकडा ऐकून दादांच्या कपाळावर आठी पडली. “तीनशेच का नाहीत? हा आकडा कुठून आला?” मुलीने आपल्या दूरध्वनीवर ब्रिटनमधील सुगम क्रीडागारांची मार्गदर्शिका काढून दिली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नव्या क्रीडागारांसाठी एक साधा हिशेब दिला आहे. १०,००० प्रेक्षकांपर्यंत शंभरामागे एक जागा. त्यापुढे २०,००० पर्यंत १०० जागा आणि वाढीव प्रत्येक हजारामागे ५. त्यापुढे ४०,००० पर्यंत १५० आणि हजारामागे ३. त्याहून मोठे क्रीडागार असेल तर २१० आणि हजारामागे २. दादांनी क्षणभर डोळे मिटले. “नव्वदातून चाळीस गेले, पन्नास. पन्नास दुणे शंभर. दोनशे दहा अधिक शंभर, तीनशे दहा. बरोबर!” गणिताच्या शिक्षकाला उत्तर जुळले म्हणजे जे समाधान होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर पसरले. कोणाच्या तरी मर्जीने ठेवलेल्या त्या जागा नव्हत्या. हिशेबाने निघालेल्या होत्या.

दरवाज्यातून आत गेल्यावर आम्ही एका लिफ्टने वर गेलो व सपाट वाटेने आपल्या जागी पोहोचलो. दादांना कोणी उचलले नाही. कोणी “बिचारा” अशा नजरेने पाहिलेही नाही. एका सेवकाने तिकीट पाहून बोटाने दिशा दाखविली, जशी मला दाखविली असती तशीच. जागा म्हणजे रांगांमधला एक सपाट ओटा. त्यावर खुर्ची फिरवून लावण्यापुरती रिकामी जागा, शेजारी माझे आसन, मागे सामान्य प्रेक्षकांच्या रांगा, पुढेही रांगा. दादांनी पिशवीतून मोजपट्टी काढली. रुंदी मोजली, लांबी मोजली, आणि शेवटी एक गोष्ट मोजली तिचे मला प्रथम नवल वाटले : आपला ओटा पुढच्या रांगेपेक्षा किती उंच आहे, ती उंची.

साऱ्या प्रश्नाची किल्ली याच उंचीत आहे. बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून दिसावे एवढी उंची कोणत्याही प्रेक्षागारात ठेवलेली असते. परंतु खेळ पाहणारा माणूस नाटकाच्या प्रेक्षकासारखा बसून राहत नाही. ज्या क्षणासाठी तो पैसे मोजून आलेला असतो, नेमका तो क्षण आला की तो उठतो. मग खुर्चीतल्या प्रेक्षकाला इतर सर्व काळ खेळ दिसतो आणि तेवढा एक क्षण दिसत नाही. म्हणून त्या मार्गदर्शिकेत असा आग्रह धरला आहे की, चाकांच्या खुर्चीवरील प्रेक्षकाची नजर पुढे उभ्या असलेल्या माणसांवरून मैदानापर्यंत पोहोचली पाहिजे. बांधकाम करणाऱ्याला त्यासाठी तो ओटा नेहमीच्या पायरीहून बराच उंच घ्यावा लागतो. नकाशावर ही एक रेघ असते. ती आधी आखली तर खर्च फार नाही. इमारत उभी राहिल्यावर आखायची म्हटले तर काँक्रीट फोडावे लागते.

दादांच्या पलीकडे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ आपल्या खुर्चीत बसले होते. गळपट्टा जुना, रंग उडालेला. थोड्याच वेळात दोघांचे सूत जमले. ते सांगू लागले की, त्यांच्या तरुणपणी सरकार अपंगांना एक लहान, निळी, तीन चाकांची मोटार देत असे. तिच्यात एकट्या चालकापुरतीच जागा असे. फुटबॉलच्या मैदानांवर या मोटारी आत घेत आणि मैदानाच्या कडेला ओळीने उभ्या करीत. मालक आत बसून काचेतून सामना पाही. २००३ साली त्या मोटारी रस्त्यांवरून कायमच्या काढून घेण्यात आल्या.

“छान होते की!” मी म्हणालो. “अगदी मैदानाला लागून.”

“पाऊस लागत नसे, हे खरे,” ते गृहस्थ म्हणाले. “पण गोल झाला की मिठी कोणाला मारायची? सुकाणूच्या चाकाला?”

दादा मोठ्याने हसले. मग बराच वेळ गप्प झाले. बावीस पायऱ्यांवरचा तो कठड्याचा आडोसा त्यांना आठवला असावा. खेळ जवळून दिसणे ही एक गोष्ट आहे. माणसांत बसून दिसणे ही दुसरी आहे. देवळाच्या बाहेरून दर्शन घेणाऱ्याला देव दिसतो, पण आरतीत त्याचा आवाज मिसळत नाही.

सामना सुरू झाला. दादांना फुटबॉलचे फारसे ज्ञान नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे शेजाऱ्यांनी त्यांना तीनदा समजावून दिले व चौथ्यांदा त्यांनीच ते मला समजावून सांगितले. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. दुसरा डाव सरत आला तशी गर्दीची गाणी थांबली आणि हजारो माणसे एकाच वेळी श्वास रोखून धरीत आहेत असे वाटू लागले. शेवटची दहा मिनिटे उरली असता डाव्या बाजूने चेंडू आला. पुढच्या रांगा उठल्या. सारेच उठले, मीही उठलो. आणि त्याच क्षणी जुन्या सवयीने माझी नजर दादांकडे वळली. वीस-बावीस वर्षांपूर्वीची ती पाठींची भिंत मला त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाहायची नव्हती.

दादा समोर पाहत होते. त्यांची मान सरळ होती. ती डावीकडे उजवीकडे फट शोधीत नव्हती. उभ्या गर्दीच्या डोक्यांवरून त्यांची दृष्टी थेट गवतावर पोहोचली होती. एकाएकी त्यांचे दोन्ही हात वर गेले आणि कानठळ्या बसविणारा तो प्रचंड घोष उठला. वृद्ध इंग्रज गृहस्थांनी आपल्या खुर्चीतून वाकून दादांच्या खांद्याला मिठी मारली.

“पाहिलास?” दादांनी मला ओरडून विचारले. “डोक्याने मारला! पाहिलास ना?”

मी पाहिला नव्हता. त्या दिवशी आमच्या दोघांपैकी गोल पाहिला तो दादांनी, आणि मला तो त्यांच्याकडून ऐकावा लागला.

तेथे सारे काही सोन्याचे आहे, असे मात्र वाचकांनी समजू नये. त्या वृद्ध गृहस्थांनीच आम्हांला सावध केले. जुन्या मैदानांवर खुर्चीच्या जागा फार थोड्या असत आणि पुष्कळदा त्या अगदी खाली, पावसात असत. पाहुण्या क्लबच्या चाहत्याला यजमान क्लबच्या गर्दीत बसवीत, आणि मग आपल्या संघाचा गोल झाला तरी बिचाऱ्याला तोंड मिटून बसावे लागे. भेदभावाला मनाई करणारा कायदा तेथे १९९५ साली झाला. तरी देशातील सर्वांत श्रीमंत क्लबांनी २०१५ साली पुन्हा एकदा जाहीर वचन दिले की, ऑगस्ट २०१७ पर्यंत आम्ही मार्गदर्शिकेप्रमाणे जागा करू. आणि ती मुदतही सर्वांना पाळता आली नाही. “आम्हांला हे कोणी दिले नाही,” गृहस्थ म्हणाले. “आम्ही पत्रे लिहीत राहिलो.”

हे वाक्य दादांनी बरोबर आणले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सुगमतेचे निकष पाळल्यावाचून नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळू नये, आणि जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांच्या आत सुगम कराव्यात, असे तो सांगतो. खेळ आणि करमणूक यांतील सहभागाचाही त्यात उल्लेख आहे. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे ती ५ वर्षे २०२२ साली संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, सुगमतेचे निकष सल्ल्याच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली, आणि त्यांत चालण्या-फिरण्याची अडचण असलेले ५४ लाखांहून अधिक होते. इतक्या माणसांत सामना पाहण्याची हौस असणारे थोडेच असतील, असे कोणी म्हणेल काय?

घरी परतल्यावर दादांनी एक कागद घेतला आणि वेंब्लीचा तो हिशेब आपल्या देशातील क्रीडागारांना लावून पाहिला. अहमदाबादचे क्रीडागार १,३२,००० प्रेक्षकांचे. त्या रीतीने तेथे ३९४ जागा निघतात. आमच्या शहरातील मैदान ३०,००० प्रेक्षकांचे आहे. त्याला १८० जागा हव्यात. हा परक्या देशाचा हिशेब आहे, आपला नियम नव्हे, हे दादा जाणतात. परंतु आपला आकडा कोणता असावा, हे विचारण्यासाठी समोर एखादा आकडा तरी लागतो. आमच्या मैदानाच्या चालकांना त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात चार पानी पत्र लिहिले. त्यात तक्रार एका ओळीची आणि आकृत्या पाच आहेत. ओट्याची रुंदी, लांबी, पुढच्या रांगेपासूनची उंची, उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाणारी नजरेची रेघ, सारे काही मापासह काढलेले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. दादांनी दुसरे पत्र पाठविले आहे. तिसऱ्याचा मसुदा तयार आहे.

तोपर्यंत एक लहान गोष्ट घडली. ज्या शाळेत त्यांनी आयुष्य घालविले, तिच्या मैदानालगतच्या ओट्याला एकच पायरी होती, १५ सेंटिमीटरची. रॅम्पचा उतार बारास एक या प्रमाणाहून अधिक चढा असू नये, असा साधारण नियम आहे. म्हणजे या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प पुरे. दादांनी तो हिशेब सातवीच्या मुलांना उदाहरण म्हणून घातला. मुलांनी उत्तर काढले आणि मुख्याध्यापकांकडे नेले. दिवाळीच्या सुट्टीत एका गवंड्याने दोन दिवसांत रॅम्प बांधून दिला. गेल्या डिसेंबरात शाळेचे वार्षिक सामने झाले तेव्हा दादा तेथे आपल्या हातांनी चाके फिरवीत चढले आणि मुलांच्या मधोमध बसले. त्यांच्या मांडीवर धावसंख्येची वही होती.

वाचकहो, आपल्या गावातही एखादे मैदान, एखादे सभागृह, एखादी शाळा असेलच. या रविवारी घरातील मुलांना बरोबर घ्यावे, एक मोजपट्टी घ्यावी आणि दारातील पायरीची उंची मोजून तिला बाराने गुणावे. जे उत्तर येईल तेवढ्या लांबीचे अंतर आपल्यामध्ये आणि घराच्या खिडकीशी बसून सामना ऐकणाऱ्या कोणा दादामध्ये आहे. बहुतेक ठिकाणी ते चार हातांहून अधिक निघणार नाही.